तिसरा पेला

जंगलात तंबू लावून राहिलेली ती दोघं गायब झाली, त्याला महिना झाला. तेव्हापासून माझा नवरा ध्रुव शहरातल्या आमच्या फ्लॅटबाहेर पडलेला नाही. ऑफिसचं लॉगआउट केलं, की त्यांच्यावरच्या ऑनलाइन चर्चेत जाऊन बसतो. माणसं दोन, मग शेवटच्या फोटोत स्टीलचे पेले तीन कसे, हा प्रश्न तिथे त्यानंच काढला.

आज सकाळी मीही तो फोटो मोठा करून पाहिला. तिसऱ्या पेल्यावर कोरलं होतं, ‘कस्तुरीस, आईकडून’.

कस्तुरी मीच. लग्नात आईनं असे सहाच पेले दिले होते.

स्वयंपाकघरात जाऊन मोजले. सहाच्या सहा होते. फक्त एकाच्या बुडाला काजळी होती.

मी ध्रुवला काहीच बोलले नव्हते. तरी तो हॉलमधून म्हणाला, “कालच देऊन गेली गं ती दोघं. घासलासुद्धा नाही.”