दहा मीटर मागे

मुन ग्यूसोकने सगळी ताकद लावून फटका मारला आणि समोरच्या सरावाच्या पडद्यावर चेंडू किती लांब गेला असता तो आकडा उमटला. एकशे नव्वद मीटर.

गोल्फच्या दुकानाचा मालक योम पुढे आला. त्याने काळा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, ग्यूसोकच्या हातातून काढून घेतला आणि दुसरा, रुंद डोक्याचा दिला.

"काळा लांब जातो साहेब, पण जरा चुकलात की चेंडू झाडीत. हा स्थिर आहे. कडेला बसला तरी सांभाळून घेतो. बिनधास्त मारा."

ग्यूसोकने बिनधास्त मारला. एकशे नव्वद.

"अहो," मागे स्टुलावर बसलेली त्याची बायको ओकजू म्हणाली, "घरी तर दोनशे चाळीसच्या गप्पा मारता."

त्या गप्पा ती बारा वर्षं ऐकत होती. कंपनीचे संचालक प्योसाहेब दोनशे मीटर मारायचे. मोठ्यांनी आधी मारायचं, हे तर ठरलेलंच. मग ग्यूसोक बेंबीच्या देठापासून "नाइस शॉट!" म्हणून ओरडायचा आणि आपला चेंडू बरोबर दहा मीटर अलीकडे टाकायचा. वारा असो, चढ असो, दहा म्हणजे दहा. पाच मीटर अलीकडे पडला तर आगाऊपणा, वीस मीटर पडला तर गबाळेपणा. ही विद्या सोपी नव्हे. तिच्या जोरावर तो उपव्यवस्थापक झाला, आणि तिथेच राहिला. ताकद आहे हो अंगात, मी दाबून मारतो, असं तो जेवताना सांगायचा. ओकजू त्याला आणखी भात वाढायची.

पण प्योसाहेब गेल्या महिन्यात निवृत्त झाले. त्यांच्या जागी सॉल मॅडम आल्या. ग्यूसोकहून चार वर्षांनी लहान, आणि त्यांचा फटका दोनशे तीसचा. पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "शनिवारी खेळायला या. हातचं राखून मारणारा माणूस मला विभागप्रमुख म्हणून नकोय." डिसेंबरात बढत्यांची यादी लागते. यंदा नाव आलं नाही, तर त्याच्या वयाच्या माणसाला पुढच्या वर्षी गोड बोलून घरी बसवतात.

"खांदे सैल सोडा, साहेब."

"सोडलेत."

एकशे नव्वद.

योमने डोकं खाजवलं. "समोर नुसती हिरवळ दिसते ना, म्हणून नजर ठरत नाही. थांबा." त्याने बटण दाबलं. पडद्यावर दोनशे तीसच्या रेघेवर एक लाल ठिपका आला. "तिथे कोणाचा तरी चेंडू पडलाय असं समजा."

ग्यूसोकने ठिपक्याकडे एकदाच पाहिलं. या वेळी आवाजच निराळा आला. दोनशे वीस.

"बघा! ताकद होतीच की!" योमने ठिपका दोनशे चाळीसवर नेला. ग्यूसोकने मारला. दोनशे तीस. काळ्या ड्रायव्हरनेही दोनशे तीस. "दोन्ही शोभतात साहेबांना. आता तुम्हीच सांगा, लांब जाणारा बांधू की सांभाळून घेणारा?"

ग्यूसोक घामाने निथळत होता आणि हसत होता. बारा वर्षं सांगितलेलं आज एकदाचं खरं ठरलं होतं. त्याने वळून बायकोकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

"योमसाहेब," ओकजू म्हणाली, "तो ठिपका जरा दोनशे वीसवर आणता का?"

"आणतो की, वहिनी."

"हं. आता त्याच्या पुढे मारा."

"त्यात काय!" ग्यूसोक म्हणाला. आत्ताच तर दोनशे तीस मारले होते. त्याने मारला.

दोनशे दहा.

तो हसला. पुन्हा मारला. दोनशे दहा. दात आवळून मारला, इतका की बूट जमिनीवर घसरला. दोनशे दहा.

"या काठीतच काहीतरी आहे," तो म्हणाला.

योमने रुंद डोक्याचा ड्रायव्हर पुढे केला. ग्यूसोकने तो घेतला. दोनशे दहा.

"काठीत काही नाही, साहेब," योम हळूच म्हणाला.

वरच्या मजल्यावर नूडल्सचं दुकान होतं. तिथे खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. ओकजू उठून जवळ आली. तिला त्याची चेष्टा करायची होती, ती आता ओठावर येईना. "राहू दे," ती म्हणाली. "घरी जाऊ."

"काढा तो ठिपका," ग्यूसोक म्हणाला.

योमने ठिपका काढला. पडद्यावर सरळ, मोकळी हिरवळ उरली. ग्यूसोक चेंडूपाशी उभा राहिला. त्याने काठी चेंडूमागे टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. कुठे मारायचं तेच त्याला कळेना. त्याला भीती वाटली, लहान मुलाला गर्दीत हात सुटल्यावर वाटते तशी. एक मिनिट गेलं, दोन गेली. योमने उगाच घड्याळाकडे पाहिलं.

शेवटी ग्यूसोक एक पाऊल मागे सरला. ओकजूने जन्मात गोल्फची काठी धरली नव्हती. त्याने दोन्ही हातांनी, मान किंचित झुकवून, ड्रायव्हर तिच्यापुढे धरला.

"आधी तू मार," तो म्हणाला.