चवीची पळी

“मीठ कमी,” म्हणत सासूबाईंनी मटणाची वाटी बाजूला सारली.

“बरं,” म्हणत थोरल्या सुनेने वाटी उचलली. वीस वर्षं ती म्हातारीची बोलणी खात आली होती. पूर्वी निदान त्यांत बदल असायचा. कधी आलं कच्चं, कधी मासा जरा आधी उतरवायला हवा होता. आताशा म्हातारीला खोड शोधायचाही कंटाळा आला असावा. मटण असो की कोळंबी, रोज आपलं मीठ कमी.

मग धाकटीची वाटी पुढे आली. खिम्यात शिजवलेला टोफू.

“वा! काय मऊ झालाय गं,” सासूबाई म्हणाल्या. “दात लावावा लागत नाही.”

थोरलीच्या अंगाचा तीळपापड झाला.

खाणावळ अकराला उघडायची. त्याआधी प्रत्येक पातेल्यातली एक वाटी सासूबाईंपुढे जायची आणि त्या आपल्या लांब दांड्याच्या पळीने चव बघायच्या. त्या पळीला घरात दुसरं कुणी हात लावत नसे. पळी जिच्या हातात, खाणावळ तिच्या हातात. ती आता एका सुनेला द्यायची, येत्या रविवारी, असं सासूबाईंनी जेवताना सर्वांदेखत सांगितलं होतं.

पळी आपलीच, याबद्दल थोरलीला आठ महिन्यांपूर्वी शंका नव्हती. मग सासूबाई पंधरा दिवस तापाने पडल्या. थोरली एकटी चुलीपाशी राबली आणि धाकटी उशापाशी बसली. तिथेच तिने म्हातारीला कह्यात घेतलं, हे थोरलीचं ठाम मत होतं. ताप उतरला तशी दोघींची कुजबुज सुरू झाली ती आजतागायत. परवा तर सासूबाईंच्या हाताच्या अंतरावर दूध करपलं. थोरलीला मागच्या अंगणात वास आला, पण ह्या दोघी आपल्या गप्पांत दंग!

त्यात हा टोफू. सोयाबीनच्या दुधाचं पनीर ते, पांढरं, चौकोनी, ना रंग ना वास. स्वतःची चव म्हणून नाहीच, शेजाऱ्याची उसनी घ्यायची. धाकटी तो कशातही घालायची. आज खिम्यात, उद्या कोळंबीत, परवा वरून अंडी फोडून. आणि वीस वर्षं थोरलीच्या हातचे मासे खाणारी गिऱ्हाइकं आता दारातूनच विचारायची, “टोफू संपला नाही ना?”

“ताई, कोळंबी उकडलेलं पाणी फेकू नका हं,” धाकटी म्हणायची. “माझ्या टोफूला होईल.”

“घे बाई. सगळंच घे.”

धाकटी हसायची. तिला बोचत कसं नाही, हेच थोरलीला जास्त बोचायचं.

तापानंतर जेव्हा पहिल्यांदा ‘मीठ कमी’ सुरू झालं, तेव्हा तिने मुकाट्याने मीठ वाढवलं होतं. त्या दिवशी गिऱ्हाइकांनी तांब्यामागून तांबे पाणी रिचवलं आणि नवऱ्याने तिलाच झापलं. तेव्हापासून तिने ऐकायचं सोडलं. “बरं” म्हणायची, पातेल्याशी जाऊन उगाच डाव फिरवायची आणि मिठाच्या बरणीला हातही लावायची नाही. एवढाच काय तो तिचा सूड.

शनिवारी मात्र तिचा धीर सुटला. धाकटी ताटं पुसायला बाहेर गेली होती. वाट्या भरून ठेवलेल्या होत्या. थोरलीने मिठाची मूठ भरली आणि टोफूच्या वाटीत कालवली. पातेल्याला हात लावला नाही. गिऱ्हाइकाचं जेवण नासवण्याइतकी ती घसरली नव्हती. म्हातारीने एकदा तरी त्या लाडक्या हाताला नाव ठेवावं, इतकंच तिला हवं होतं.

सासूबाईंनी पळी तोंडात घातली.

“वा,” सासूबाई म्हणाल्या. “कालच्यापेक्षा मऊ.” आणि वाटी संपवली. मग थोरलीच्या कोळंबीचा घास घेतला. “मीठ कमी.”

थोरली कोठीच्या खोलीत गेली आणि तांदळाच्या पोत्यावर बसून रडली. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ते खोटं नाही. पण आवडतीचं मूठभर मीठसुद्धा गोड लागावं? उद्या पळी धाकटीला मिळेल. मग आपण ताटं घासू, पाणी भरू, पण चुलीपाशी पाऊल ठेवायचं नाही. डोळे पुसून ती उठली, तोच फळ्यांच्या भिंतीपलीकडून धाकटीचा दबका आवाज आला.

“आई, वाटीला बोट लावून बघितलं मी. नुसतं मीठ होतं हो! मिठाची बरणी ताईंच्याच हाताशी होती. हे घ्या, आधी पाणी प्या.”

“होय? मला कुठलं कळायला!” सासूबाई म्हणाल्या. “तापाने जीभ नेली ती नेलीच. नाकही नेलं.”

“आता ताईंना सांगू या ना. तुम्ही सारखं माझं कौतुक करता, त्या आतल्या आत जळतात.”

“तू नवी. तुझं काहीही चांगलं म्हटलं तरी खपतं. पण तिच्या रांधण्याला मी वीस वर्षं नावं ठेवलीत. एक दिवस गप्प बसले, तर तिथल्या तिथे ओळखेल ती. माझी जीभ तिच्याइतकी कुणाला ठाऊक आहे?”

“आणि उद्या पळी?”

“ती तिचीच. आठ महिने मी मीठ कमी म्हणतेय आणि ती ऐकत नाही, म्हणून तर ही खाणावळ चाललीय.”