पुतळीचा ठावठिकाणा

बायजाबाईने त्याला बापाचं नाव दुसऱ्यांदा विचारलं.

"काळुराम," जगन म्हणाला.

"आन आयेचा?"

"पुतळी."

म्हातारीने हातातलं सूप खाली ठेवलं. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. मागे मिठागराचे चौकोन उन्हात पांढरे पडले होते.

जगन एकावन्न वर्षांचा होता. तो सहा वर्षांचा असताना, स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात, धरमतरच्या खाडीला उधाण आलं आणि त्यांच्या गावाचा बांध फुटला. आईने त्याला होडीत बापाच्या हाती दिलं. "म्हैस सोडून येते," म्हणाली आणि कमरेएवढ्या पाण्यातून माघारी वळली. ती परत आलीच नाही. तीन दिवसांनी चिखलात एका बाईचं प्रेत सापडलं. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. लुगडं हिरवं होतं, एवढंच. काळुरामने तिला अग्नी दिला, पोराला खांद्यावर घेतलं आणि तो कोलाडच्या दिशेने चालू लागला. शेतात खारं पाणी शिरलं होतं, मागे राहून करणार काय? गावातली सगळीच घरं अशी पांगली. कुणी वडखळला गेलं, कुणी रोह्याला, कुणी मुंबईच्या गोदीत.

कोलाडजवळच्या एका गावात काळुराम दुसऱ्याच्या शेतावर राबला. दोन वर्षांनी त्याने कृष्णाबाईशी पाट लावला. ती विधवा होती, मूलबाळ नव्हतं. तिने जगनला पोटच्यासारखं वाढवलं. शाळेत कुणी 'सावत्र' म्हटलं, तर जगन त्याच्या अंगावर धावून जायचा. ती असेपर्यंत त्याने घरात पुतळीचं नाव काढलं नाही. तिला लागेल, असं त्याला वाटायचं. गेल्या मार्गशीर्षात कृष्णाबाई वारली. तिचं तेरावं झालं आणि जगनच्या मनाने घेतलं, एका आईचं सगळं रीतसर झालं. दुसरीला कुठे जाळली तेही आपल्याला ठाऊक नाही.

म्हणून तो आला होता. जुन्या गावाच्या जागी आता तिवरांचं रान माजलं होतं. वडखळच्या नाक्यावर चार दिवस तो ज्याला त्याला विचारत फिरला. शेवटी पुंडलिक नावाच्या चहावाल्याने सांगितलं, त्या गावची एक म्हातारी मिठागरावर अजून आहे, बायजाबाई तिचं नाव.

"मावशी," जगन म्हणाला, "आयेला जाळली ती जागा तेवढी दाव. नारळ ठेवतो नि जातो."

"तुझी आये बुडली नाय, बाला."

जगनला वाटलं, म्हातारीची काहीतरी गफलत होते आहे.

"दुसरीच कुनीतरी व्हती ती," बायजाबाई म्हणाली. "पुतळी तिवराला धरून र्‍हायली. पल्याडच्या लोकांनी काढली. म्हैना-दीड म्हैना तापानं पडून व्हती. परत आली तवा गाव नव्हता, तुमी नव्हता. मंग ती आमच्याबरोबर इथं मिठागरावर आली. ती समोरची झोपडी तिचीच."

झोपडीवर छप्पर नव्हतं. दोन खांब तेवढे उभे होते.

"कवा गेली?" त्याने विचारलं.

"तेरा वर्सं झाली."

जगनने मनात हिशेब केला. तेरा वर्षांमागे तो अडतीसचा होता. एसटीने पेणला जाताना किती वेळा वडखळवरून गेला असेल! उतरून चालत आला असता, तरी ती इथे वाकून मीठ ओढताना दिसली असती. आधी त्याला रडू आलं. मग रडू कुठल्या कुठे गेलं आणि राग आला. असा राग त्याला आयुष्यात आला नव्हता.

"मी पोर व्हतो," तो ओरडला. "बापसानं तर तिला सोताच्या हातानं जाळलेली. पन तिला ठावं व्हता ना पोर होडीत बसलाय ते? मंग शोधायला नको? कोलाड काय विलायतेत हाय? एकदा, एकदा तरी यायचा व्हता तिनं!"

बायजाबाईने त्याला ओरडू दिलं. तो थांबल्यावर म्हणाली,

"आलती."

"कवा?" जगनने विचारलं.

"तीन वर्सांनी एका मीठवाल्या गाडीवाननं सांगितलान, काळुराम अमक्या गावात हाय, पोर बी जितां हाय. तशीच डोक्यावर मिठाची पाटी घेऊन निघाली. दोन दिस चालत गेली. मीठ इकायला आलेय म्हनून तुमच्याच ओटीवर टेकली. एक बाय भाईर आली. तांदूळ देऊन मीठ घेतलान, पानी दिलान."

ती बाई म्हणजे कृष्णाबाई, हे जगनच्या ध्यानात आलं.

"तू आत जेवाय बसला व्हतास. दारातनं दिसत व्हतास तिला. परत आली तवा मी लय भांडले तिच्याशी. म्हनले, गो पुतळी, ओटीवर बसलीस नि पोराला हाक नाय मारलीस? तुझा पोटचा ना तो?"

"मंग?"

"मंग म्हनली, 'मी त्या बायकडं बघत बसले व्हते, बायजे. पोरानं परत भात मागितला. टोपात शीत नव्हता. तिनं सोताच्या ताटातला उचलून त्याला वाढला. मंग मी पाटी उचलली.'"