हिरवी खिडकी

“पुलावरून काय दिसतं ते मी सांगणार नाही,” सर म्हणाले. “तुम्ही सांगायचं.”

सरांची शिकवण्याची हीच पद्धत होती. ते कार्यानुभव हा विषय शिकवीत. डोळे असून न पाहणारा विद्यार्थी दगडासमान होय, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणून भोंगा कठड्यापाशी सरसावला. आवाज उपजतच मोठा असल्याने त्यास हे नाव पडले होते.

“नदी, सर. पाणी काळं. दोन होड्या आहेत. एकीत माणूस झोपलाय.”

“आणखी?”

“आणखी, मुंगीला भूक लागलेली दिसते.”

“ती वर्गातही दिसते. पुढे चला.”

मुंगी ही वर्गातील सर्वांत लहान चणीची मुलगी. ती कार्यानुभवासाठी आठवडाभर शहरातील एका शिंप्याकडे काजे करावयास शिकत होती. भोंगा गॅरेजमध्ये होता. दुसरी मुलगी चष्म्याच्या दुकानात होती. ती थोरामोठ्यांसारखी बोले, सबब सर्वजण तिला आजीबाई म्हणत. आज कामाचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळच्या बसने गावी परतावयाचे होते. तत्पूर्वी सर त्यांना शहर दाखवीत होते.

वस्तुतः शहर हे निमित्त होते, आणि सरांनी ते लपवलेही नव्हते. लग्नानंतरची पहिली वर्षे सरांनी व काकूंनी याच शहरात, कापडगल्लीतील एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर काढली होती. येताना बसमध्ये सरांनी मुलांना सारे सांगितले होते. घराला हिरवी खिडकी होती. पलंग आत घेताना सरांच्याच हातून तिची एक काच फुटली. काकूंनी तेथे जुन्या कॅलेंडरचे पान चिकटवले, त्यावर जहाजाचे चित्र होते. नवी काच पुढे कधी बसलीच नाही.

काकू हिवाळ्यात गेल्या. लोक आले, रडले आणि गेले. सर त्यांना पाणी देत राहिले. स्वतः सरांना रडू आले नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. जेवण जेवणासारखे लागत नव्हते, झोप झोपेसारखी येत नव्हती. त्या खिडकीखाली उभे राहिल्यावर तरी आतला दगड हलेल, एवढीच त्यांची आशा होती.

गर्दीत रांग मोडू नये म्हणून सर भोंग्याच्या खांद्यावर हात ठेवून चालत. आजीबाई शेजारी आणि मुंगी मागे असे.

“सर, खांदा झिजला तर गॅरेजवाले मला भंगारात घालतील,” भोंगा म्हणाला.

“घालू देत. तेवढीच शाळेला शांतता.”

“पायरी आहे हं, मुंगे. जपून,” आजीबाई म्हणाली.

“मी मागे आहे गं. पायरी पुढे आहे.”

“म्हणून आधीच सांगितलं.”

सर किंचित हसले. आजीबाईवर त्यांचा विशेष लोभ होता. शिक्षकानेही विद्यार्थ्याच्या उपयोगी पडावे, या हेतूने त्यांनी पहिल्याच दिवशी दुपारी दुकानात जाऊन तिला सरावासाठी आपली नजर तपासू दिली होती. दुकानदार जेवावयास गेला होता. समोरच्या तक्त्याकडे तोंड करून सरांनी अक्षरे वरपासून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत न अडखळता म्हणून दाखवली. आजीबाई क्षणभर थांबून म्हणाली होती, “छान, सर. नजर चांगली आहे.”

कापडगल्लीच्या तोंडाशी रंगाचा उग्र वास आला.

“आलो,” सर म्हणाले. “आता डाव्या हाताला तिसरं घर.”

तिथे पोचल्यावर मुले थांबली. जवळच एक यंत्र घरघरत होते.

“आवाज कसला?”

“शेजारी कसलंसं काम चाललंय, सर,” भोंगा म्हणाला. आयुष्यात प्रथमच तो हळू बोलला.

सरांनी मान वर केली. “सांगा. खिडकी आहे?”

“आहे, सर,” आजीबाई म्हणाली. “दुसऱ्या मजल्यावर.”

“रंग?”

“हिरवाच. थोडा उडालाय.”

“उडणारच. माणसं उडून जातात, रंगाचं काय. आणि काच?”

आजीबाईने वळून मुंगीकडे पाहिले. मागून मुंगी म्हणाली, “एका काचेच्या जागी कागद आहे, सर. पिवळा पडलाय. पण जहाज आहे ते कळतं.”

“अजून आहे?”

“अजून आहे.”

सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि पुष्कळ वेळ वाहत राहिले. आवाज यत्किंचितही झाला नाही. भोंग्याने खिशातून फडके काढून त्यांच्या हातात दिले.

“तेलकट आहे, सर.”

“असू दे.” तोंड पुसून सर म्हणाले, “माझा एक फोटो काढा रे. खिडकी यायला हवी. घरी भिंतीवर लावीन.”

आजीबाईने फोटो काढला.

बस शहराबाहेर पडेपर्यंत सर गाढ झोपी गेले होते. कित्येक महिन्यांत ते असे झोपले नसावेत. भोंगा मागच्या बाकावर सरकला.

“तुला कधी कळलं गं?”

“पहिल्याच दिवशी,” आजीबाई म्हणाली. “मी भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावलाच नव्हता. लहान पोरांचा होता, बदक, छत्री, घर असा. सरांनी अक्षरं म्हटली.”

काही वेळाने मुंगीने आजीबाईकडून फोन मागून घेतला व फोटो उघडला. फोटोत सर मान वर करून, हातात तेलकट फडके धरून, ओल्या चेहऱ्याने हसत होते. त्यांच्या मागे पत्र्याचे कुंपण होते, आणि कुंपणाच्या वर नुसते आकाश.