सिएटलचा फोन

दुपारी तीन वाजता संघासंघांतली खेळाडूंची अदलाबदल या हंगामापुरती बंद होणार होती आणि लायनेल हॅचरला खुर्चीत बसवत नव्हतं. बाहेर बफेलो शहराचं बर्फ आडवं उडत होतं. तो खिडकीशी जायचा, टेबलाशी यायचा, गार झालेल्या कॉफीचा कप उचलायचा आणि न पिताच ठेवून द्यायचा. बास्केटबॉलचा हा संघ मोडून नव्यानं उभा करायचं काम मालकांनी त्याच्यावर सोपवलं होतं. मोडून झाला होता. उभा राहत नव्हता.

"सेंट लुईसवाले काय म्हणतात?"

"बास्केटखाली खेळणारा त्यांचा तो ताडमाड गडी देतायत. आपल्या दोन पोरांच्या बदल्यात," जोआना म्हणाली. आलेले प्रस्ताव पारखायचं काम तिचं.

"त्याचे गुडघे कधीच रिटायर झालेत. तोच तेवढा राहिलाय. नको म्हणून सांग."

"मग उरलं सिएटल. बॉस, यापेक्षा चांगलं काही येणार नाही. त्यांना फक्त कॉर्नेल हवाय. बदल्यात दोन वर्षं नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली त्यांची पहिली पाळी आपली. पस्तिशीच्या खेळाडूसाठी एवढं कोण देतं?"

सिएटल यंदा अजिंक्यपदाच्या वाटेवर होतं. लायनेलला ते ठाऊक होतं. कॉर्नेलला आजवर एकही अजिंक्यपद मिळालं नव्हतं, हेही ठाऊक होतं.

"तो गेला तर ही पोरं कुणाच्या तोंडाकडे बघून खेळणार? हरल्यावर एकमेकांच्या अंगावर धावून जातात, तेव्हा मध्ये कोण पडतं? शिवाय त्याच्या मुली इथल्या शाळेत आहेत. बायकोनं आत्ता कुठे दुकान थाटलंय. या वयात त्याचं बिऱ्हाड कशाला हलवायचं?"

"त्याला विचारलंत?"

"तो नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा होता, तेव्हापासून ओळखतो मी त्याला."

"मी ते नाही विचारलं, बॉस."

तेवढ्यात फोन वाजला. सिएटलच होतं. मन फिरायच्या आत लायनेलनं नकार देऊन टाकला. मग तीन वाजेपर्यंत तो फोनकडे बघत येरझाऱ्या घालत राहिला. फोन पुन्हा वाजला नाही.

तीन वाजले तसा त्याचा जीव हलका झाला. कॉर्नेलला आपणच सांगावं म्हणून तो भराभर जिने उतरून इमारतीतल्याच सरावाच्या मैदानावर गेला.

कॉर्नेल बाकावर बसला होता, सरावानं ठणकणारे दोन्ही पाय बर्फाच्या बादलीत. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोरं उगाच मोठमोठ्यानं हसत होती.

"कोण गेलं?" कॉर्नेलनं विचारलं.

"कुणीच नाही."

कॉर्नेल बादलीतल्या बर्फाकडे बघत राहिला. "माझ्याबद्दल कुणी विचारलं तरी का रे?"

आवाज असा होता की लायनेलला खोटं बोलवेना.

"विचारलं ना. सिएटलनं."

पुढचं वाक्य त्याच्या ओठांवर होतं. पण कॉर्नेलनं बादलीतून पाय काढलेसुद्धा. "सिएटल! आणि मघाशी 'कुणीच नाही' म्हणून थट्टा करत होतास होय, गाढवा!" त्यानं लायनेलच्या पाठीत एक जोराचा धपका घातला आणि अनवाणी, ओल्या पायांनी, भिंतीशी ठेवलेल्या फोनकडे धावत सुटला. गेल्या दोन हंगामांत लायनेलनं त्याला असं धावताना पाहिलं नव्हतं.

"कॉर्नेल, थांब. मी त्यांना नकार दिला."

तोवर कॉर्नेलनं नंबर लावला होता. फोन कानाशी तसाच धरून तो वळला. पोरांचं हसणं थांबलं होतं. तो लायनेलकडे बघत उभा राहिला, अनोळखी माणसाकडे बघावं तसा.

फोनमधून त्याच्या बायकोचा आवाज येत होता. "कॉर्नेल? अरे, काय झालं? बोल ना!"

"काही नाही गं," तो म्हणाला. "सहजच केला."