नैवेद्याची वाटी

"बिचारीचं नशीबच फुटकं! तिन्ही नवरे दुपारच्या झोपेतच गेले. तेही कसे, भरल्या पोटी, डाव्या कुशीवर!" असं सगळं गाव हळहळायचं. वत्सलाबाईसुद्धा पदर डोळ्यांना लावून तेच म्हणायच्या.

आज पाळी चौथ्यांची, म्हणजे दामोदरपंतांची होती. वत्सलाबाईंनी त्यांच्या वाटीतल्या खिरीत ती नेहमीची पूड कालवली आणि वास झाकायला वरून भरपूर जायफळ किसलं. मग त्या केळीची पानं पुसायला अंगणात गेल्या.

जेवताना पंतांनी वाटी चाटूनपुसून रिकामी केली. ते पाहून वत्सलाबाईंनाही चांगलीच भूक लागली. पातेल्यातली खीर त्यांनी दोनदा वाढून घेतली.

"आज खीर झकास झालीय बरं का!" पंत म्हणाले. "जायफळ तर पुरेपूर उतरलंय."

"तुमच्या वाटीत जरा जास्तच घातलं होतं."

"ती वाटी होय? ती मी देवाला दाखवली आणि आमच्या आईच्या पद्धतीनं पातेल्यात परत ओतून ढवळली. नैवेद्य एकट्यानं कशाला खायचा? सगळ्यांना मिळायला हवा, नाही का?"

वत्सलाबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण बाहेर आली ती जांभई.