उलटं क्रियापद

मोठ्या बेटावरून चर्चच्या नव्या पाळकांच्या शिबिरात शिकवायला आलेल्या अकापितो गुरुजींनी उरुमायच्या वहीत तिसऱ्यांदा फुली मारली. "आपण देवाकडे चाललोय" एवढं साधं वाक्य स्वतःच्या बोलीत लिहायचं होतं, आणि पाळक व्हायला आलेल्या या म्हाताऱ्या नावाड्याने पुन्हा तेच लिहिलं होतं: देव आपल्याकडे येतोय.

"क्रियापद उलटं झालंय, उरुमाय. जायचं आपण असतं."

"आमच्या बेटावर असंच बोलतात, गुरुजी."

"मग तुमच्या बेटावर देवाने माणसांना पाय कशाला दिलेत?"

वर्ग खो खो हसला. उरुमायही हसला.

शिबिर संपल्यावर त्यानेच गुरुजींना आपल्या होडीत घेतलं, पुढच्या बेटावर सोडायला. तिसऱ्या दिवशीही चहूकडे नुसतं पाणी बघून गुरुजींचा धीर सुटला.

"अजून किती जायचंय हो?"

"जायचं कुठे? होडी जागेवरच असते, सरकतात ती बेटं. आपण शीड तेवढं नीट धरून बसायचं."

गुरुजी काही बोलणार, तोच समोरच्या पाण्यातून माडांचे शेंडे वर आले. मग खोडं, मग वाळू, मग चुलींचा धूर. उरुमाय होता तिथेच बसला होता.

"आलं बघा," तो म्हणाला.

तीस वर्षं लोकांना 'चला, देवाकडे चला' म्हणून दामटणाऱ्या गुरुजींनी उरुमायच्या गाठोड्यातून त्याची वही काढली, तिन्ही फुल्या खोडल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते नुसते बसून राहिले.